दाजी मास्तरांची पगडी, रावांची माकडटोपी

परवा टपालानं एक पार्सल आलं. दोरा सोडायच्या आधीच वास आला. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं मुरलेला कागद, त्यात थोडा कापूर, थोडा हिंग. बायको म्हणाली, “कुणी मसाला पाठवलाय का हो?” मी म्हटलं, “नाही, कादंबरी आहे.” ती आत निघून गेली. मसाला असता तर थांबली असती.

कादंबरीला तमिळ वर्तमानपत्राचं कव्हर. मधोमध पंख्याच्या दुकानाची जाहिरात, पंख्याची दोन पाती पुढे आणि तिसरं पाठीमागे. आतली पहिली काही पानं नाहीत. ती मी हरवलेली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच गोष्टींची कबुली देणार आहे आणि त्यात ही एक फुकटची नको. मला मिळालं तेव्हाच ते पुस्तक बिनमुखपृष्ठाचं आणि बिननावाचं होतं. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. ते मात्र माझे. म्हणजे काढले दुसरीनं, कमावले मी.

सोबत जयंतीची, म्हणजे रावांच्या मुलीची, चिठ्ठी होती, इंग्रजीत, चार ओळींची. अप्पा गेले. शांतपणे गेले. पुस्तक तुम्हालाच द्यायचं असं सांगून ठेवलं होतं. शेवटचं पान पाहावं.

शेवटचं पान पाहिलं. ‘समाप्त’ या शब्दाखाली निळ्या शाईत, थरथरत्या हातानं लिहिलेल्या पाच-सहा ओळी. सगळ्या तमिळ लिपीत. चेन्नईत मी वर्षभर काढलं, पण तमिळ अक्षरांशी माझी ओळख बसच्या पाटीपुरती. आणि तीही अशी, की पाटी लागायची तोवर बस निघून गेलेली असायची. मी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. मग नाक खुपसून नुसता वास घेत बसलो. तेवढं येत होतं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. बँकेनं मला बढती दिली आणि त्याबद्दल चेन्नईला पाठवलं. माझी शाखा तांबरमला होती आणि खोली मी घेतली तिरुवल्लिकेणीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शहाण्यानं तांबरमलाच बिऱ्हाड केलं असतं. पण मला समुद्र हवा होता. खोलीपासून समुद्र पंधरा मिनिटांवर होता. वर्षभरात मी मोजून दहा-बारा वेळा गेलो असेन. रोजचं उरलेलं आयुष्य तांबरमच्या गाडीत गेलं.

तिथे ‘मॅन्शन’मध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे नाव महालाचं आणि आत सड्या पुरुषांचं चार मजली खुराडं. जिन्यात ओल्या टॉवेलांचा वास, पहिल्या मजल्यावर उदबत्तीचा, आणि तळमजल्यावरच्या मेसमधून रसमची वाफ थेट उशीपर्यंत. सकाळी देवळातलं नादस्वर, त्यावर कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरची क्रिकेटची कॉमेंट्री, त्यावर बादल्यांचा खणखणाट. दुपारनंतर समुद्रावरचा वारा गल्लीत शिरायचा आणि गॅलरीतल्या सगळ्या लुंग्या एकाच दिशेला उडायच्या, जणू सगळ्यांची एकदम बदली झाली.

या सगळ्यात मराठी बोलायला कुणी नव्हतं. म्हणून मी स्वतःशी बोलायचो. मुख्यतः शिव्या. कुणाला कळत नाहीत या भरवशावर मी बँकेच्या काउंटरमागे बसून माझ्या गावाकडच्या, घडीव, दोन-दोन मजली शिव्या हळू आवाजात देत असे.

नोव्हेंबर होता. पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे होते. कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला आणि मी एक अस्सल शिवी सुरू केली. अर्ध्यात वर पाहिलं, तर समोर एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, कपाळावर गोपीचंदन, आणि पाऊस पडून गेलेला म्हणून डोक्यावर चॉकलेटी माकडटोपी. चेन्नईत पारा जरा उतरला की ही टोपी बाहेर पडते. मी उरलेली शिवी गिळली.

“पुरती द्या की हो,” ते म्हणाले. “अर्धी कां सोडली?”

मी खुर्चीतून उठलो. “तुम्ही... मराठी?”

“मग काय! आम्ही तीनशें वर्षांपूर्वीं इकडे आलों. तुम्ही केव्हां?”

“मी... जूनमध्ये.”

“शेरी,” ते म्हणाले. म्हणजे बरं. आणि अंगठ्याऐवजी झोकदार तमिळ सही करून गेले. जाता जाता वळून म्हणाले, “रविवारीं घरीं या. जेवायला. आणि ती शिवी आठवून ठेवा.”

असे मला पंचनद राव भेटले. तंजावरचे, रेल्वेतून निवृत्त, स्टेशनच्या पश्चिमेला दोन खोल्या आणि एक मोठं नारळाचं झाड असलेल्या घरात राहणारे. घरात विधवा मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, आणि मुलगी जयंती, जवळच्या शाळेत गणिताची शिक्षिका. रावांची पत्नी भिंतीवरच्या फोटोत होती, मोगऱ्याच्या रोजच्या ताज्या हारात. त्यांची मराठी ऐकताना मला पणजोबांच्या पिढीतला कुणी तमिळ चालीवर गातोय असं वाटायचं. चांगल्याला ‘बरवें’ म्हणत, गप्प बसला ‘उगे बैस’ म्हणत, आणि मध्येच ‘अय्यो’.

पण वाचता येत नव्हती. घरी मराठी, शाळेत तमिळ. नागरी अक्षरांशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती. भावाला पत्र लिहायचं तर मराठीच, पण तमिळ लिपीत. मी ते पत्र पाहिलं तेव्हा मला फार हसू आलं होतं. आता येत नाही.

पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून गोष्ट सांगितली. ते दहा वर्षांचे असताना तंजावरच्या घरी बाहेरच्या खोलीत महाराष्ट्रातले एक अधिकारी भाड्यानं राहायचे. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून एक जाडी कादंबरी मोठ्यानं वाचत, आणि घरातली, शेजारची माणसं जमत. कादंबरीत एक दाजी मास्तर होते. खेड्यातल्या शाळेचे. कधी खोटं न बोलणारे. बोलायची वेळ आली की आधी पगडी काढून मांडीवर ठेवणारे, कारण खरं सांगताना डोकं उघडं असावं असं त्यांचं म्हणणं. तर या मास्तरांचा एकुलता एक मुलगा शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवतो. पाहणारे एकटे मास्तर. कोर्टात साक्षीला उभं करतात. मास्तर पिंजऱ्यात चढतात, पगडी काढतात, कठड्यावर ठेवतात...

“आणि?” मी विचारलं.

“आणि त्या अधिकाऱ्यांची बदली झाली,” राव म्हणाले. “पुस्तक घेऊन गेले. पन्नास वर्षें झालीं हो. मास्तर अजून पिंजऱ्यांतच उभे आहेत. बोलले की नाहीं?”

त्यांनी हे असं विचारलं, जसं एखाद्यानं गावाकडच्या नातलगाची खुशाली विचारावी.

आणि माझ्या आयुष्यातलं एकमेव उपयोगी काम मी केलं. शहरातल्या मराठी मंडळाचं एक पुस्तकांचं कपाट होतं. त्याची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते नेहमी मुलीकडे गेलेले असायचे. तीन खेपांनंतर कपाट उघडलं. वाळवीनं आणि मी मिळून चाळीसेक पुस्तकं चाळली, आणि एका बिनमुखपृष्ठाच्या जाड पुस्तकात मला पगडी सापडली. तिथेच, कपाटासमोर उकिडवा बसून मी मोठ्यानं “मास्तर!” म्हणालो. किल्लीवाले दचकले. त्यांनी पुस्तक न नोंदवताच देऊन टाकलं.

मग रविवार सुरू झाले. नऊ-साडेनऊला मी तांबरमला उतरायचो. फलाटावर चमेली आणि डिझेल यांचा मिळून एक वास असायचा. फाटकापलीकडे हवाई दलाचं एखादं विमान घरघरत जायचं आणि नारळावरचे कावळे एकदम उठून पुन्हा तिथेच बसायचे. रावांचा ओटा अक्कानं पहाटेच धुऊन त्यावर कोलमची रांगोळी काढलेली. पितळी वाटी-पेल्यातली कॉफी. राव टोपी नीट करून झोपाळ्यावर, जयंती खिडकीशी वह्या तपासत, आणि मी मधल्या वेताच्या खुर्चीत, पंख्याखाली, पुस्तक घेऊन.

घरात एक नियम होता, रावांच्या आईपासूनचा. अध्याय संपल्याशिवाय पान मांडायचं नाही. कथा अर्धी टाकून जेवायला उठणं म्हणजे कथेतल्या माणसांना उपाशी ठेवणं. नियम सुंदर आहे. पण त्या कादंबरीकाराला निसर्गवर्णनाचा रोग होता. अध्याय रंगात आला की नदी यायची. नदी आली की चार पानं. आणि बरोबर त्याच वेळी स्वयंपाकघरातून अक्काच्या फोडणीचा वास यायचा. सांबार मुळात आमचंच, ही तिची ठाम समजूत होती, आणि तो वास आल्यावर मी तिच्याशी वाद घालायच्या स्थितीत नसायचो. शिवाय डांगर पचडी, म्हणजे भाजक्या उडदाच्या पिठाची ताकातली कोशिंबीर, मोहरी-मिरचीची चुरचुरीत फोडणी वर.

तिसऱ्या रविवारी मी एक नदी गाळली.

कुणाला कळलं नाही. चौथ्या रविवारी एक सूर्यास्त आणि अर्धा पाणवठा गेला. पुढे हात सैल झाला. पण सूर्यास्तात कधीकधी महत्त्वाचं पात्र चालत येतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग पुढच्या रविवारी ते पात्र आलं कुठून, हे माझ्या पदरचं घालून सांगावं लागे. अशा रीतीनं हळूहळू मी त्या कादंबरीचा सहलेखक झालो. माझ्या आवृत्तीत मास्तरांची म्हैस दोनदा व्याली, असं मला नंतर सांगण्यात आलं.

एकाच गोष्टीनं मी खट्टू असायचो. वाचता वाचता मी खिडकीकडे मान वळवून हळूच एखादी मल्लिनाथी करायचो. माझे उत्तमोत्तम विनोद. जयंती लाल पेनानं वह्या तपासत राहायची. पापणीसुद्धा हलायची नाही. महिनाभर! गणिताची बाई, हिला विनोदाचं वावडं असणार, असा मी निष्कर्ष काढून टाकला होता.

एकदा वीज गेली. पंखा बंद. मी वाऱ्यासाठी खुर्ची उचलून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि नदीच्या तिसऱ्या वळणावर पुटपुटलो, “ही नदी लेखकाच्या सासुरवाडीवरून जात असणार.”

जयंती फस्सकन हसली. वहीवर लाल शाईचा फराटा.

“सार, तुम्ही विनोद पण करता?”

“महिनाभर करतोय!”

तिनं डाव्या कानातल्या कुडीला बोट लावलं. “हा कान नुसता कुडी घालायला आहे. लहानपणीं ताप आला, तेव्हांपासून. तुम्ही नेहमी ह्याच बाजूला बसता.”

महिनाभराचे माझे सगळे विनोद त्या कुडीला आपटून पंख्यात उडून गेले होते. मी तेव्हापासून खुर्ची उजवीकडे ठेवू लागलो. तरी सवयीनं बरेचदा डावीकडेच बसायचो.

त्या कानाची गोष्ट घरात बोलायची नाही, असा दुसरा नियम होता, हा अक्काचा. दोनदा जयंतीला बघायला पाहुणे येऊन गेले होते. दोन्ही वेळा अक्कानं खुर्च्या अशा मांडल्या, की सगळे पाहुणे जयंतीच्या उजव्या हाताला यावेत. डावीकडे भिंत. भिंतीशी तुळशीची कुंडी आणून ठेवलेली, म्हणजे चुकूनही कुणी तिथे खुर्ची सरकवू नये. दोन्ही ठिकाणी जमलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला तमिळ महिना, लागला. तांबरमच्या गल्ल्यांतून पहाटे भजनं, देवळात गरम पोंगल, आणि रावांची टोपी आता दिवसभर डोक्यावर. त्यानंतरचा तै महिना लागताच तिसरं स्थळ बघायला येणार होतं. कुंभकोणमकडची मंडळी, आपल्यातलेच, मुलगा चेन्नईजवळच्या आवडी या गावी कारखान्यात. राव मला ओट्यावर म्हणाले, “ह्या वेळीं मला खुर्च्या मांडवत नाहींत. अक्का म्हणते उगे बैस, लग्न झाल्यावर कळेल तें कळेल. तुम्ही मास्तरांना लवकर पिंजऱ्यांतून उतरवा. ते बोलले की नाहीं तें मला कळूं द्या. मग मी ठरवीन.”

आता सांगायचा भाग अवघड आहे.

एरवी पुस्तक रावांकडेच असायचं, पण त्या आठवड्यात ते मी मागून नेलं होतं आणि शेवटचा अध्याय आदल्या दिवशी खोलीत वाचून ठेवला होता. मास्तर बोलतात. पगडी कठड्यावर ठेवून, मुलाकडे पाहत, गंजी ह्यानंच पेटवली असं सांगतात. मुलगा तुरुंगात जातो. ज्याची गंजी जळली तोही मास्तरांकडे पाठ फिरवतो, कारण त्यानं आतून मिटवून घेतलेलं असतं. गाव शाळेत मुलं पाठवायचं बंद करतं. आणि शेवटच्या पानावर दाजी मास्तर रोज सकाळी शाळेची घंटा वाजवतात, रिकाम्या बाकांसाठी. संपलं. मॅन्शनमधल्या खाटेवर मी उताणा पडून राहिलो. खाली मेसची थाळी वाजली तरी गेलो नाही. माझ्या बाबतीत ही घटना विरळा.

रविवारी गेलो तर अक्कानं बोळ्या केल्या होत्या, म्हणजे पुरणपोळ्या. शेवटचा अध्याय म्हणून. राव आंघोळ करून, नवी वेष्टी नेसून झोपाळ्यावर. डोळे लहान मुलासारखे. मी वाचायला लागलो. साक्षीपर्यंत अक्षरन् अक्षर खरं वाचलं, हे लिहून ठेवा. मास्तर बोलले. राव पुढे झुकले. आणि पान उलटताना माझी छाती झाली नाही. त्या बोळ्यांच्या वासात, त्या नव्या वेष्टीसमोर, मी रिकामे बाक कुठून आणणार? मी पुस्तकात पाहत पाहत भलतंच बोलायला लागलो. न्यायाधीश उठून उभे राहिले. शेजाऱ्यानं मास्तरांचे पाय धरले. मुलगा रडला, सुधारला. गावानं शाळेवर नवीन कौलं घातली आणि मास्तरांना झेंडूचा हार घालून वाजतगाजत मिरवलं. वाजंत्रीत मी एक ताशाही टाकला.

राव झोपाळ्यावर मागे सरकले. मग टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. “शेरी,” म्हणाले. मला वाटलं, गहिवरले. मी चार बोळ्या खाल्ल्या.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. पाच जण. मी पुणेरी मित्र म्हणून खुर्च्या उचलायला हजर. पुण्याशी माझा काही संबंध नव्हता, पण तिथे महाराष्ट्रातला प्रत्येक जण पुणेरीच. अक्काच्या हुकमानं तुळशीची कुंडी भिंतीशी मीच सरकवली. केसरी शिरा झाला, भजी झाली, कॉफी झाली. मुलगा बुजरा, बरा दिसणारा. मुलाची आई म्हणाली, “मुलगी बरवी आहे. आम्हांला पसंत आहे म्हणून सांगतों.”

अक्कानं डोळे मिटून हात जोडले. आणि रावांनी माकडटोपी काढली.

टोपीखाली त्यांचे पांढरे केस घामानं चिकटले होते. टोपी त्यांनी मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “एक सांगायचें आहे. मुलीला डाव्या कानानें ऐकूं येत नाहीं. ह्या खुर्च्या आम्ही मुद्दाम अशा मांडल्या. तें चुकलें.”

नारळावरून एक झावळी खाली पडली. त्याचा आवाज मला अजून आठवतो. जयंती खाली पाहत नव्हती. बापाकडे पाहत होती.

“कळवतों,” मुलाचे मामा म्हणाले. पाहुणे उठले.

दारातून पाठमोरी मंडळी दिसेनाशी झाली तशी अक्का माझ्यावर उलटली. “हें सगळें तुमच्या त्या पुस्तकानें केलें! इतकीं वर्षें तोंड मिटून होता माझा भाऊ. तुम्ही येऊन हार घातलेत त्या मास्तराला!”

 हार खरंच मीच घातला होता.

दोन रविवार मी गेलो नाही. खोकला झाला असं फोनवर सांगितलं, आणि पटावं म्हणून खोकलोही. तेवढ्यात कुंभकोणमहून कळलं की नाही. फार नम्रपणे कळवलं होतं, असं जयंती म्हणाली. त्या दिवशी मी पहिल्यांदा खोलीतून मुद्दाम उठून समुद्रावर गेलो. माझ्या ताशा-वाजंत्रीवर विसंबून एका बापानं पोरीचं ठरत आलेलं लग्न पणाला लावलं होतं. लाटांना काही सांगायला जावं तर त्याही अर्ध्यावर येऊन परत जात होत्या.

तिसऱ्या रविवारी गेलो. दोन गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या. एक रावांना, एक जयंतीला. रावांना सांगायची सांगितली. दुसरी अजून गिळलेलीच आहे, आणि हे बायको वाचेल, म्हणून तिथेच राहू दे.

“मी शेवट खोटा वाचला,” मी म्हणालो. “हार, कौलं, ताशे, सगळं माझं.” आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मी पुस्तक उघडून खरी पानं वाचली. न थांबता, मान वर न करता. रिकामे बाकही वाचले.

झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. ती थांबली.

“घंटा वाजवीत राहिले?” रावांनी विचारलं.

“हो.”

“कोणी येत नव्हतें तरी?”

“हो.”

“बरवें,” ते म्हणाले. मग पायानं झोपाळ्याला रेटा देत, “त्या दिवशीं तुम्ही हार घातलात तेव्हां मला मास्तरांची लाज वाटली हो. एवढा मोठा माणूस आणि शेवटीं झेंडूंत अडकला! तुम्हांला वाटलें, मी हारासाठीं टोपी काढली?”

“मग?”

“मला एवढेंच हवें होतें, ते बोलले की नाहीं. तें तर तुम्ही खरें वाचलेंत ना?”

“तेवढं खरं.”

“मग झालें. पुढचें ज्याचें त्यानें बघायचें.”

खिडकीशी जयंती हसत होती. उठून आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पानं फडफडवत समास दाखवू लागली. पेन्सिलीचे ठिपके. तिसऱ्या रविवारपासूनचे. शाळेत तिनं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. नागरी अक्षर तिला लावून लावून वाचता यायचं. मी जेवून गेलो की ती संध्याकाळी बसून ताडून पाहायची. जिथे मी गाळलं तिथे एक ठिपका, जिथे पदरचं घातलं तिथे दोन. शेवटचा अध्याय तर गोवर आल्यासारखा दिसत होता.

“तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?”

“सांगितलें असतें तर अप्पांनीं वाचन बंद केलें असतें. मास्तर आले असते काय खालीं?” ती म्हणाली. आणि पुस्तक मिटून, मोठ्या सहजपणे, “मला त्या खुर्च्यांचा फार कंटाळा आला होता, सार.”

आतून अक्काचा आवाज आला, “पुरे झालें! पान मांडलें आहे.” अध्याय संपला होता की नाही हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही. भिंतीशी तुळशीची कुंडी नव्हती. ती पुन्हा अंगणात गेली होती, उन्हात.

रावांनी शिक्षा ठोठावली, पुस्तक पहिल्यापासून पुन्हा, ठिपक्याठिपक्याला थांबून. मी नद्या वाचल्या. सगळे सूर्यास्त वाचले. उन्हाळा आला, कैऱ्यांचा वास आला, गच्चीवर अक्काचे वडाम-पापड वाळले. त्या नद्या वाईट नव्हत्या हो. पोट भरलेलं असताना कुणीतरी वाचायला हव्या होत्या. निम्मे ठिपके झाले असतील, आणि माझी बदली आली. नाशिक.

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. “निदान ह्या वेळी पुस्तक घेऊन जात नाही,” म्हणालो. राव हसले. तांबरमच्या फलाटावर पोचवायला आले, टोपी घालून. भर मे महिन्यात. का, ते गाडी सुटताना कळलं. गाडी हलली तशी त्यांनी ती काढली.

जयंतीनं पुढे शाळेतल्याच एका पदार्थविज्ञानाच्या सरांशी लग्न केलं. स्टाफरूममध्ये चार वर्षं तिच्या उजवीकडे बसणारे. मी तर डावीकडचा माणूस.

आज सकाळी पुस्तक पिशवीत घालून निघालो. नाशिकची थंडी, म्हणून कानांवर माकडटोपी. माझंही आता ते वय झालं. आमच्या चौकात मुरुगन डोशाची गाडी लावतो. सहा महिने झाले त्याला गावाहून येऊन. मराठी म्हणजे ‘पार्सल’, ‘चटणी जास्त’ आणि गाडी हटवायला येणाऱ्यांकडून शिकलेले काही शब्द. त्याच्यापुढे शेवटचं पान धरलं. “मुरुगन, हे वाच.”

तो कपाळाला आठ्या घालून पाहू लागला. “सार, अक्षर तमिळ. पण हे तमिळ नाय.”

“नुसतं वाच.”

तव्यावर पाणी शिंपडून, हात पुसून तो वाचू लागला. त्याला अर्थ कळत नव्हता आणि मला अक्षर. आमच्या दोघांमधून रावांचा आवाज हळूहळू, अडखळत बाहेर येत होता. तो बिचारा काही गाळू शकत नव्हता. काय गाळायचं हेच त्याला माहीत नव्हतं.

“हें पुस्तक पुरतें वाचलें. जयंतीनें वाचलें, मी ऐकलें. एक पान सोडलें नाहीं. नदी फार लांब आहे, तुमचीच चूक होती म्हणून मी म्हणणार नाहीं. मास्तर बोलले तें तुमच्या तोंडून ऐकलें, तेवढें मला पुरे. ती शिवी अर्धी राहिली आहे. ती पुरती द्या.”

वाफ वर जात होती. डोसा एका कडेनं करपत होता.

“सार, काय लिवलाय?” मुरुगननं विचारलं. “चांगला?”

माझ्या तोंडावर आलं होतं, की हो, फार स्तुती केलीय, मोठा वाचक म्हणून. शब्द अगदी जिभेवर तयार होते. सवय कुठे जाते? मग मी टोपी काढली. कानांत थंडी शिरली, दोन्ही कानांत. टोपी हातात धरून मी त्याला सांगितलं, “लिहिलंय, की मी वाचताना पानं गाळायचो. खोटं वाचायचो. आणि एक गोष्ट अर्धी सोडून पळालो.”

त्याला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. तो माझ्याकडे बघत उलथनं धरून उभा राहिला.

मग भर चौकात, त्या पुस्तकाकडे पाहत, बँकेच्या काउंटरवर वीस वर्षांपूर्वी गिळलेली ती शिवी मी पहिल्यापासून सुरू केली, आणि दोन्ही मजल्यांसकट, मोठ्यानं, शेवटच्या अक्षरापर्यंत पुरती दिली.

मुरुगनचा चेहरा उजळला.

“हां सार!” तो म्हणाला. “हे कळला.”